तळपायाची तीट

उजव्या तळपायाला काजळाची तीट होती. नीट गोल, करंगळीच्या टोकानं लावलेली.

आमच्या वस्तीतल्या मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर संत्र्याचं प्लास्टिकचं कॅरेट होतं, त्यात खाली तणीस अंथरलेली, आणि त्यावर जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली ती मुलगी. २०२२ चा डिसेंबर, सकाळचे पावणेसहा. नागपूरची थंडी ज्यांनी अंगावर काढली आहे त्यांना जास्त सांगायला नको. मी फिरायला निघाले होते. देवळाजवळ पाच-सात माणसं गोल करून उभी होती आणि कुणीच वाकत नव्हतं.

"मले वाटलं मांजर रडून राहिली," दूधवाला सांगत होता. "जवळ येऊन पाह्यतो तं पोट्टी!"

"हात नका लावू ताई, पोलीस केस हाय," कुणीतरी म्हणालं.

मी हात लावला. त्यात धाडसाचं काही नव्हतं, तिचे ओठ निळसर दिसत होते इतकंच. शालीच्या आत, छातीशी धरलं. तेव्हा पाय बाहेर आला आणि ती तीट दिसली. गालावरची तीट पुसली जाते, म्हणून आमच्याकडे जुन्या बायका तान्ह्या बाळाला तळपायाला लावतात. दृष्ट लागू नये म्हणून. कुणीतरी त्या रात्री, अंधारात, घाईत, कदाचित रक्त थांबलेलंही नसताना काजळाची डबी शोधली होती आणि या लेकराला जगाची दृष्ट लागू नये एवढी काळजी केली होती.

पाठीमागून एक बाई म्हणाली, "कोण्या जन्माची वैरीण असंन. फाशी द्यायला पायजे असल्या बाईले."

अधिवेशनाचे दिवस होते, निम्मे पोलीस बंदोबस्ताला. गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. आलेली महिला शिपाई फार तर चोवीस-पंचवीसची होती, तिनं बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हीच धरा मॅडम, चला सोबत." म्हणून मी सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षापर्यंत गेले. तिथल्या सिस्टरनं कापड उलगडलं. नाळ परकराच्या नाडीनं बांधलेली होती, दोन गाठी मारून. सिस्टर बराच वेळ त्या गाठींकडे पाहत राहिल्या. "बरोबर बांधली आहे," त्या म्हणाल्या. "ही गाठ सैल असती तर रात्रीच रक्त जाऊन संपलं असतं सगळं."

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. माणुसकीला काळिमा. निर्दयी मातेनं अर्भक फेकलं. अज्ञात महिलेविरुद्ध कलम ३१७ खाली गुन्हा. तीट नव्हती त्यात, नाडीच्या गाठी नव्हत्या, तणीसही नव्हती. आणि 'फेकलं' हा शब्द मला त्या दिवसापासून सहन होत नाही. देवळाचा ओटा ही फेकायची जागा नव्हे. पहाटे काकड्याला माणसं येतात हे ठाऊक असलेल्या कुणीतरी ती जागा निवडली होती.

त्या दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करणाऱ्या एक बाई आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. बाळाची विचारपूस करायला मी आठवडाभर जात राहिले, तेव्हा त्यांच्या टेबलासमोर बसायची सवय लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या सहज बोलून गेल्या, "त्या आईनं सरेंडर केलं असतं तर हे काहीच करावं लागलं नसतं."

"सरेंडर म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली आहेत, लोकांना नियम समजावून सांगण्यात आयुष्य गेलं. आणि मला हे माहीत नव्हतं की या देशात आईला आपलं बाळ कायदेशीररीत्या, सुरक्षितपणे सोपवून देता येतं.

बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. त्याच्या ३५ व्या कलमात म्हटलं आहे की शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे, जी कारणं आईबापाच्या हाताबाहेरची आहेत, बाळ सांभाळणं शक्य नसेल तर त्यांनी ते बाल कल्याण समितीपुढे आणावं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत निदान एक बाई असलीच पाहिजे. समिती आधी आईशी बोलते. बाळ ठेवता येण्यासारखी काही वाट आहे का, हे तपासते. नसेल तर समर्पणपत्रावर सही होते. अविवाहित आईच्या एकटीच्या सहीनं ते होतं, बापाला शोधून आणावं लागत नाही. आणि त्याच कायद्याचं ३८ वं कलम स्पष्ट सांगतं की सोडलेल्या किंवा सोपवलेल्या बाळाच्या चौकशीत जन्मदात्या आईबापावर गुन्हा नोंदवायचा नाही, मग दुसरा कोणताही कायदा काही म्हणो.

"मग ३१७?" मी विचारलं. भारतीय दंड संहितेतलं ते कलम, बारा वर्षांखालचं मूल उघड्यावर सोडून दिलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच ९३ वं कलम झालं आहे.)

"ते ठाण्यात सवयीनं लागतं," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारा ३८ काय आहे ते."

मला सगळ्यात जास्त वेळ विचार करायला लावला तो दोन महिन्यांच्या मुदतीनं. सही केल्यावरही आईला दोन महिने मिळतात, निर्णय फिरवायला. या काळात ते बाळ दत्तक देता येत नाही. ते दत्तक संस्थेत वाढत असतं, दूध पीत असतं, वजन वाढवत असतं, आणि कुठेतरी एक बाई दिवस मोजत असते. बाळंतपणानंतरचे पहिले दिवस कसे असतात ते बाळंत झालेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. छाती दाटते, ताप चढतो, डोळ्याला डोळा लागत नाही, रडू कशाचं येतं ते कळत नाही. त्या अवस्थेत घेतलेला निर्णय कायद्यानं शेवटचा मानला नाही. ज्यानं कुणी हे दोन महिने त्या कलमात घातले, त्याला बाळंतीण ठाऊक होती. आमच्याकडे सव्वा महिन्यानं बाळंतीण उठते; कायदा त्याहून आणखी थोडा थांबतो. अधीक्षक बाई सांगत होत्या, परत येणाऱ्या असतात. कुणाची आई कबूल होते, कुणाला काम मिळतं, कुणी नुसतीच येते आणि म्हणते की राहवत नाही.

ओट्यावर ठेवून गेलेल्या आईला हे दोन महिने असे मिळत नाहीत. ती परत आली तर आधी ठाण्याची पायरी. आणि बाळाचं तर सगळंच वेगळं होतं. सोपवलेल्या बाळाची जाहिरात देत नाहीत, त्याच्या आईची माहिती गुप्त राहते. सापडलेल्या बाळाचा फोटो पेपरात येतो, नातेवाइकांनी संपर्क साधावा म्हणून. आमच्या मुलीचा आला होता. काळ्या-पांढऱ्या चौकटीत, डोळे मिटलेले. मी ते कात्रण ठेवलेलं नाही, पण मला वाटत राहिलं की तिच्या आईनंही तो पेपर कुठेतरी पाहिला असेल, आणि उचलून नेण्याची हिंमत झाली नसेल.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी, सव्वाशे वर्षांहून जुनी प्रथा. कुणी तिला पूतना मानतं, तान्ह्या बाळांना विष पाजणारी. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं शहर तिच्या मागे ओरडत जातं आणि तिला जाळून घरी येतं. मी लहानपणापासून महाल भागात ती मिरवणूक पाहत आले, मला ती आवडते. पण पेपरातली ती 'निर्दयी माता' वाचताना मला वाटलं, आपण हिचीही मारबत केली. एक दिवस ओरडलो आणि मोकळे झालो. निदान मारबतीच्या मिरवणुकीत बडगे तरी असतात, पुरुषांचे पुतळे. या बातमीत बडग्या नसतोच. त्या चार ओळींत बाप हा शब्द एकदाही आला नव्हता.

हे लिहिताना मला महालातला आमचा वाडा आठवतोय. १९८८ असेल, मी कॉलेजात होते. खालच्या भाडेकरूंकडे गावाहून त्यांची एक भाची आली, शिवणकाम शिकायला म्हणे. चार महिने ती खोलीबाहेर आली नाही. शिलाई मशीनचा आवाज मी कधी ऐकला नाही. एका रात्री खाली दिवे लागले, कुणीतरी बाई रिक्षातून आली, पहाटे गेली. त्यानंतर आठ-दहा दिवस माझी आई दुपारी पदराआड वाटी घेऊन खाली जायची. अळीवाची खीर. मी विचारलं तर म्हणाली, "अभ्यास कर." मग भाची गावी परतली. एकटी.

आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती खीर घेऊन जाणारी बाई होती याचा मला आधार वाटतो, आणि तिनं कधीच तोंड उघडलं नाही याचा त्रासही होतो. त्या बाळाचं काय झालं हे मी तिला एकदाही विचारलं नाही. वाड्यातल्या कुणीच कुणाला विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या माहितीचा त्या मुलीला एका वाटीपलीकडे उपयोग झाला नाही.

याहून मोठ्या आवाजात हे बोललं गेलं होतं, तेही फार आधी. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. वाकडं पाऊल पडलं, किंवा पाडलं गेलं, अशा विधवांनी इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, बाळ न्यावं किंवा ठेवून जावं. सावित्रीबाई स्वतः बाळंतपणं करायच्या. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्ण आणता आणता सावित्रीबाई गेल्या. हे सगळं आपण शाळेत वाचलेलं असतं. पण माझ्या मनात राहते ती एक साधी गोष्ट. जोतीरावांनी त्या गृहाच्या जाहिराती छापून पुण्यातल्या भिंतींवर लावल्या होत्या. ज्या बाईला गरज आहे तिला पत्ता कळला पाहिजे, हे त्यांना कळत होतं. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांनाही होताच की.

१८७५ साली पंढरपुरात प्रार्थना समाजाचा बालकाश्रम उभा राहिला. वारीच्या गर्दीत, चंद्रभागेच्या वाळवंटात टाकलेली मुलं तिथं वाढली. आणि आमच्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे १८८२ साली लिहित्या झाल्या त्या सुरतेच्या विजयालक्ष्मीच्या खटल्यानं अस्वस्थ होऊन. विधवा बाई, बाळ मारल्याचा आरोप, आधी फाशीची शिक्षा, अपिलात ती कमी झाली. पेपरवाले बायकांच्या जातीला शिव्या देत होते तेव्हा ताराबाईंनी पुरुषांना विचारलं की या पापात तुमचा वाटा कुठे गेला. दीडशे वर्षं होत आली. प्रश्न तिथंच आहे.

बाहेरच्या देशांत काय आहे तेही वाचून काढलं. अमेरिकेत टेक्सासनं १९९९ मध्ये कायदा केला, मग सगळ्या राज्यांनी केला; दवाखान्यात, अग्निशमन केंद्रात बाळ हातात द्यायचं, नाव सांगायची सक्ती नाही. नेब्रास्का राज्याच्या कायद्यात २००८ मध्ये वयाची अट घालायची राहून गेली, तर चार महिन्यांत ३६ मुलं सोडली गेली, त्यांतली बरीच दहा वर्षांपुढची. आईबाप हात टेकून आले होते. घाईनं कायदा दुरुस्त करून फक्त तीस दिवसांपर्यंतची बाळं ठेवली. ती मोठी मुलं आणि त्यांचे आईबाप कुठे गेले असतील, हा विचार मला सोडत नाही. जर्मनीच्या हॅम्बुर्गमध्ये २००० सालापासून एका पाळणाघराच्या, जपानच्या कुमामोतोत २००७ पासून दवाखान्याच्या भिंतीत उबदार पाळण्याची खिडकी आहे. आपल्याकडे तामिळनाडूत सेलमला १९९२ मध्येच सरकारी पाळणा सुरू झाला, मुलींना जन्मतःच मारतात म्हणून. आणि आपल्या दत्तक नियमांतही दवाखान्यांत, आरोग्य केंद्रांत असे पाळणे ठेवायची तरतूद आहे.

पाळणा बरा की समिती? मी दोन्हीकडून विचार केला आहे. समितीसमोर गेलेल्या आईला बोलायला माणूस मिळतं, दवाखाना मिळतो, दोन महिने मिळतात. बाळाला उद्या आपलं मूळ शोधायचं झालं तर कुठेतरी कागद असतो. पाळण्यात ठेवलेल्या बाळाकडे काही नसतं, तळपायाची तीटही दोन आंघोळीत जाते. म्हणून माझं मन समितीकडे झुकतं. पण पहाटे चार वाजता, अंगात ताप, घरात कुणाला माहीत नाही, अशा मुलीला कार्यालयाची वेळ सांगता येत नाही. तिच्यासाठी पाळणा असलाच पाहिजे, उजेडात नको, पण उबदार. ज्यांना वाटतं की यानं मुलं सोडायची सवय लागेल, त्यांनी एकदा नऊ महिने पोट लपवून पाहावं. कुणी सोय आहे म्हणून लेकरू सोडत नाही.

आणि सोपवलं म्हणजे संपलं असंही नाही. निरोगी बाळांसाठी पालकांच्या रांगा आहेत. अंध, मतिमंद, वाकड्या पायांच्या बाळांसाठी नाहीत. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अशीच मुलं गोळा केली, स्टेशनवर सापडलेली, कचऱ्यात सापडलेली, आणि बापाच्या रकान्यात स्वतःचं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं झाली की बालगृह सोडावं लागतं. या मुलांनी कुठे जायचं, हा प्रश्न घेऊन ते सरकारची दारं ठोठावत राहिले. एका माणसाला दारं ठोठवावी लागणं हीच आपली व्यवस्था.

मी मात्र पुन्हा पुन्हा त्या भिंतीवरच्या जाहिरातींपाशी येते. त्या आठवड्यात मी दवाखान्याचे सगळे कॉरिडॉर पाहिले. गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे, फलक आहे. लसीकरणाचा आहे. थुंकू नका, तीन ठिकाणी आहे. केसपेपरच्या खिडकीत पोट आलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारतात, नवऱ्याचं नाव? त्या खिडकीशेजारी एक ओळ लिहिलेली असती, तर रांगेतून परत फिरणारी एखादी थांबली असती. एखादी चोवीस आठवड्यांच्या आत आलेली असते, तिला गर्भपाताचा हक्क अविवाहित असली तरी आहे, सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. तेही तिला कुणी सांगत नाही.

म्हणून मी स्वतःच एक कागद तयार केला. बँकेत होते तेव्हा नोटिसा लिहायची सवय, वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. लिहिलं: पोलीस केस होत नाही. अधीक्षक बाईंनी ती ओळ पेन्सिलनं खोडली.

"असं लिहू नका. मुलगी अठराच्या आतली असली तर पॉक्सो लागतो. आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं. तिच्यावर नाही होत केस, ज्यानं केलं त्याच्यावर होते. पण तुमचा कागद वाचून ती आली आणि समोर पोलीस दिसले, तर परत कोणत्याच कागदावर विश्वास ठेवणार नाही."

मग आम्ही दोघींनी बसून पुन्हा लिहिलं. बाळ सांभाळणं शक्य नसेल तर एकटीनं काही करू नका. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ नंबरवर फोन करा, दिवसा किंवा रात्री. बाळ समितीकडे सोपवल्याबद्दल आईवर गुन्हा दाखल होत नाही. दोन महिन्यांत मन बदललं तर बाळ परत मागता येतं. चार ओळी, मोठ्या अक्षरात. 'अनैतिक', 'कुमारी माता' हे शब्द नकोत, यावर आमचं लगेच एकमत झालं.

मुलीचं पुढे काय झालं ते मला सांगितलं गेलं नाही, आणि सांगूही नये. कायदाच तसा आहे. फेब्रुवारीच्या शेवटी मी गेले तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "वजन छान वाढलं होतं."

कागदाच्या वीस झेरॉक्स काढल्या. पहिली आमच्या चौकातल्या मेडिकलवाल्याकडे नेली. तो तिशीतला मुलगा, आईसोबत दुकान चालवतो. त्यानं उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं नाही म्हणेल. मी म्हटलं, बाहेर शटरजवळ लावू, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल.

"बाहेर नको काकू," तो म्हणाला. "ज्यांना पायजे त्या बाहेर थांबून वाचत नाही. संध्याकाळी येतात, गर्दी नसली की. किट मागायला तोंडातून शब्द निघत नाही त्यांच्या, मोबाईलवर लिहून दाखवतात. अन् तोवर मान खालीच असते."

त्यानं काउंटरवरची खोकल्याच्या गोळ्यांची बरणी बाजूला सरकवली, काच एका कडेनं उचलली आणि कागद आत सरकवला, अक्षरं गिऱ्हाइकाकडे येतील असा.